प्रेक्षक एक, सोबती एक

माझ्या गळ्यात जे ओळखपत्र आहे त्यावर 'प्रेक्षक' असं छापलंय, आणि माझ्या सासऱ्यांच्या गळ्यातल्यावर 'सोबती'. वस्तुस्थिती अशी की सासऱ्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही आणि फुटबॉल बघायला त्यांना मी नेतो. हे आधीच सांगून मोकळा होतो. गेल्या हंगामात मैदानाच्या फाटकावर मी हेच इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता कुणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी माझ्या तोंडून आधी हा खुलासा बाहेर पडतो.

सासरे म्हणजे छापखान्यातले मशीनमन. चाळीस वर्षं त्यांनी मशीन चालवलं आणि त्याच चाळीस वर्षांत आमच्या गावच्या संघाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. हा संघ राष्ट्रीय लीगमध्ये, वरच्या गटात खेळतो. आता खेळतो म्हणजे काय, असतो. मग सासऱ्यांचे डोळे अधू झाले, वर्षाभरात गेलेच, आणि ते आमच्याकडे राहायला आले. आल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. "खिडकीकडे ठेवली काय न् भिंतीकडे ठेवली काय," म्हणाले. त्यानंतर जे गप्प झाले ते झालेच. जेवणाच्या टेबलावर एक शब्द नाही. बायको आत जाऊन डोळे पुसायची आणि कांदा चिरत होते म्हणायची. घरात तेव्हा कांदाच नव्हता.

एके दिवशी ती मला म्हणाली, "अहो, तुम्ही बाबांना फुटबॉलला न्या. नवा हंगाम सुरू होतोय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे वेगळी रांग असते म्हणे. शेजारी सोबती बसतो आणि काय चाललंय ते सांगतो."

"मी सांगू? फुटबॉल?"

"नाहीतर कोण? ते असे भिंतीकडे बघत संपून जातील हो."

आता माझी बाजू ऐका. मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे आणि बैठकांची इतिवृत्तं लिहितो. फुटबॉलमधलं मला इतकंच ठाऊक होतं की त्यात पाय वापरतात. गोलरक्षकाचा सदरा वेगळ्या रंगाचा बघून तो कुणीतरी पाहुणा असावा असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. शिवाय सासऱ्यांचं आणि माझं संभाषण. बावीस वर्षांच्या लग्नात ते एकच होतं. ते विचारायचे, "काय जावईबापू, पाणी?" मी सांगायचो, "येतंय." मग ते वर्तमानपत्र उघडायचे आणि मी घड्याळ बघायचो. अशा माणसाशी सलग दीड तास बोलायचं, आणि तेही मला न कळणाऱ्या गोष्टीवर! पण बायकोच्या त्या नसलेल्या कांद्यापुढे माझं काही चाललं नाही.

हंगामाचे पास काढायला आम्ही दोघं क्लबच्या खिडकीवर गेलो. आत बसलेल्या गृहस्थांची पेन्सिल कानावर होती आणि ती तिथेच मुक्कामाला असावी, कारण लिहायला त्यांनी दुसरी घेतली.

"प्रेक्षकाचं नाव?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं.

"सोबत्याचं?"

मी माझं सांगितलं.

"दृष्टी नसल्याचा दाखला कुणाचा?"

"यांचा. प्रेक्षकांचा."

खिडकीवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे प्रेक्षकांना दिसत नाही?"

"नाही."

"मग ते प्रेक्षक कसे?"

मी म्हटलं, "अहो, रांगच त्यांच्यासाठी आहे ना!"

"रांग कुणासाठी का असेना. प्रेक्षक म्हणजे प्रेक्षण करणारा. पाहणारा. मी भाषा विषय घेऊन पदवी घेतलीय, मला शिकवू नका. दोघांपैकी पाहणार कोण? तुम्ही. म्हणजे प्रेक्षक तुम्ही. हे तुमच्यासोबत येणार, म्हणजे हे सोबती." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही ओळखपत्रं यंत्रात घालून त्यावर प्लॅस्टिक चढवलं. प्लॅस्टिक चढलं की संपलं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर हे मला कुणी सांगायला नको. "दुरुस्ती हवी असल्यास लेखी अर्ज करा," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

 जिना उतरताना सासऱ्यांची मिशी जराशी हलली. मला वाटलं, अपमान झाला बिचाऱ्यांचा.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बशीत लवंगा मांडून मला ऑफसाइड समजावायला आले. "बचावफळी म्हणजे दातांची रांग समजा. चेंडू सुटायच्या आधीच समोरचा माणूस दातांच्या आत घुसला, तर ऑफसाइड." त्यानंतर दोन दिवस मला जेवताना दडपण यायचं. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी गळ्याची जबाबदारी घेतली. कोमट पाणी, मीठ, गुळण्या, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मौन. माझ्या मौनावर बायको इतकी खूश झाली की तिने मावशींना साडी द्यायचं ठरवलं.

पहिल्या सामन्याला फाटकावरच्या रखवालदाराने ओळखपत्रं वाचली, सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, यांना जपून न्या हं. वर पायऱ्या आहेत."

"नेतो," सासरे म्हणाले.

मी खुलासा करायला वळलो आणि पहिल्याच पायरीला अडखळलो. सासऱ्यांनी माझा दंड धरला. त्या पायऱ्या त्यांना चाळीस वर्षांच्या पाठ होत्या. "बासष्ट आहेत," म्हणाले, "तिसावी जरा उंच आहे." सगळ्या लोकांसमोर एका आंधळ्या माणसाने मला हाताला धरून वर नेलं आणि तिसाव्या पायरीला मी तरीही ठेचकाळलो.

आमच्या रांगेत आणखी दोघं कायमची होती. एक टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांचा भाऊ सोबती म्हणून यायचा आणि शिट्टी वाजली की झोपायचा. दुसरे वेताच्या खुर्च्या विणणारे काका. त्यांची सून सोबतीला यायची, पण ती गोलाच्या वेळी हमखास डोळे मिटून घ्यायची. थोडक्यात, अख्ख्या रांगेत उघडे डोळे माझेच.

सामना सुरू झाला आणि माझ्या तोंडाला जी भाषा येते तीच आली. "सदर चेंडू मध्यभागातून उजव्या बाजूस रवाना करण्यात आला आहे. त्यावर विरोधी पक्षाच्या एका सदस्याने हरकत घेतली. हरकत फेटाळण्यात आली. आता आपल्या सदस्याने गोलाचा प्रस्ताव मांडला... प्रस्ताव गोलरक्षकाने अडवला. ठराव नामंजूर."

 मग टेलिफोनबाई म्हणाल्या, "कृपया पुन्हा बोला, लाइन स्पष्ट नाही." पण जरा वेळाने त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली, आणि खुर्चीकाकांनीही. मला वाटलं, अरेच्चा, जमतंय की!

मध्यंतर झालं. इथे माझा घात झाला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लवंगांनी बाजू बदलल्या नव्हत्या! मी मनात पक्कं धरलं होतं की डावीकडचं जाळं आपलं. आणि शिट्टी वाजते तर काय, आपले सगळे लोक डावीकडे चालून निघाले.

"बाबा, काहीतरी भयंकर घडतंय," मी म्हणालो. "आपले सदस्य आपल्याच गोलावर चाल करून जात आहेत! समोरचे बिचारे त्यांना अडवतायत. आपल्या कप्तानालाच हा शिस्तभंग मान्य दिसतो. गेला... गेला... बाबा, आपण आपल्याच जाळ्यात गोल केला!"

सगळं मैदान उभं राहून नाचत होतं. मी संतापून ओरडलो, "आणि बघा, लोकांना लाज आहे का! आनंद साजरा करतायत!"

सासरे मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मला भडभडून आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बाबा, सावरा. खेळ आहे, चालायचंच." त्यांनी रुमालाने तोंड दाबून मान हलवली. बऱ्याच वेळाने कसंबसं म्हणाले, "असू द्या. तुम्ही पुढचं सांगा."

घरी आल्यावर डॉक्टरांनी मला बाजू बदलण्याचा नियम सांगितला आणि जिन्यात उभं राहून इतकं हसले की मावशी पाणी घेऊन धावल्या. मी दोन दिवस मान वर करून चाललो नाही. सासऱ्यांना मी काही बोललो नाही. म्हटलं, त्यांना दिसलेलं नाही, तर आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं?

पण सामन्याच्याच संध्याकाळी जेवताना सासरे बोलले. आपणहून! "मीठ द्या" असं म्हणाले. आणि मग म्हणाले, "पुढचा सामना पंधरा दिवसांनी आहे." बायकोच्या हातातली पोळी तिथेच थांबली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या एका नजरेवर मी उरलेले बारा सामने काढले असते, आणि काढलेच.

संघ मात्र हरत होता. चौदा संघांच्या लीगमध्ये आमचा कधी बारावा, कधी तेरावा. शेवटचे दोन खालच्या गटात जाणार. बाहेरगावचे सामने आम्ही घरी रेडिओवर ऐकायचो आणि दर पाच मिनिटांनी सासरे कुरकुरायचे, "या रेडिओवाल्याला काही समजत नाही. एकदा 'सदर' म्हणाला नाही." हळूहळू ते मला छापखान्यातल्या गोष्टी सांगायला लागले. मशीनचा कुठला स्क्रू ढिला झालाय हे ते आवाजावरून ओळखायचे म्हणे. मीही त्यांना पाण्याबद्दल सांगायला लागलो. बावीस वर्षं त्या माणसाने 'पाणी?' विचारलं होतं आणि मी एकदाही धड उत्तर दिलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं! फुटक्या वाहिन्यांवर आम्ही एकदा अख्खा रविवार बोललो.

मधल्या काळात ओळखपत्रांच्या दुरुस्तीसाठी मी तीन अर्ज केले. प्रश्न माझ्या इभ्रतीचा होता. रखवालदार आता मला पाहिलं की "या, जपून" म्हणायचा आणि आसपासचे लोक मला वाट करून द्यायचे. तिसऱ्या अर्जाला अखेर उत्तर आलं. दुरुस्तीचा विचार पुढील हंगामात करू. खाली आणखी एक ओळ होती: 'सदर रांग ही लीगच्या नियमानुसार फक्त वरच्या गटातील मैदानांस बंधनकारक असल्याने, संघ खालच्या गटात गेल्यास ती बंद करण्यात येईल.'

आयुष्यभर मी 'सदर' लिहीत आलो, पण त्या 'सदर'पाशी आल्यावर मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रांग बंद म्हणजे सासऱ्यांची खुर्ची पुन्हा भिंतीकडे. मी ते पत्र कुणालाही दाखवलं नाही. कपाटात कपड्यांखाली दडवलं, आणि त्या दिवसापासून आमच्या संघासाठी गुपचूप देवाला हात जोडायला लागलो. फुटबॉलसाठी देवाला वेठीला धरणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर हसत आलो होतो.

शेवटचा सामना घरच्याच मैदानावर होता. हरलो तर खाली, बरोबरी झाली तरी वर. फाटकावर ही गर्दी! मी सासऱ्यांना कवेत घेऊन आत शिरत होतो, इतक्यात कुणाचं तरी कोपर लागलं, माझा चष्मा उडाला आणि रखवालदाराच्या बुटाखाली गेला. माझा नंबर उणे नऊ आहे. चष्म्याशिवाय मला माणूस आणि कपाट यातला फरक त्यातलं एक बोलेपर्यंत कळत नाही.

रखवालदार बिचारा काकुळतीला आला. "साहेब, माफ करा!" मग त्याचं लक्ष ओळखपत्रांकडे गेलं आणि तो एकदम निर्धास्त झाला. "पण सोबती आहेत ना बरोबर! मग काही काळजी नाही. आजोबा, जपून न्या."

"नेतो," सासरे म्हणाले.

बासष्ट पायऱ्या मी त्यांच्या हाताला धरून चढलो. तिसाव्याला त्यांनी आधीच सांगितलं, "उंच आहे."

रांगेत बसल्यावर मी सगळ्यांना खरं सांगून टाकलं. मला हिरवा रंग दिसतोय, त्यावर काही ठिपके हलतायत, बाकी राम म्हणा. टेलिफोनबाईंचा भाऊ झोपला होता. खुर्चीकाकांच्या सुनेने आधीच डोळे मिटले होते, मला म्हणाली, "काका, आज मला बघवणारच नाही."  हंगामातला सगळ्यात मोठा दिवस, आणि नेमका आजच मी कुचकामी! मी म्हटलं, "बाबा, मला क्षमा करा. आज मला काही सांगता यायचं नाही."

 सासऱ्यांनी समोरच्या लोखंडी कठड्यावर तळहात टेकवला, मान तिरकी केली आणि खाकरले.

"सदर चेंडू," ते म्हणाले, "मध्यभागातून डाव्या बाजूस रवाना करण्यात आला आहे."

खुर्चीकाका टाळी देऊन हसले. मी थिजून ऐकत राहिलो. सासरे सांगत होते आणि मैदान त्यांच्यामागून ओरडत होतं. डावीकडचे लोक उठल्याचा आवाज आला की ते लगेच म्हणायचे, "आपला माणूस निसटला." पंचाची शिट्टी वाजली की तिच्या लांबीवरून सांगायचे, ऑफसाइड की धक्काबुक्की. समोरच्यांनी गोल केला तोही त्यांनी सांगितला, अगदी हळू आवाजात. मध्यंतरानंतर आपण फेडला, तेव्हा "ठराव एकमताने मंजूर!" असं इतक्या मोठ्याने ओरडले की टेलिफोनबाईंचा भाऊ जागा झाला.

एक-एक. शेवटची दोन मिनिटं. लांबलचक शिट्टी वाजली आणि आमचं अख्खं मैदान पंचाच्या घराण्याचा उद्धार करायला लागलं.

"पेनल्टी," सासरे म्हणाले. "त्यांना."

मग सगळं चिडीचूप. माझा हात त्यांच्या हातात होता. मनात एकच, ती खुर्ची आणि ती भिंत. कुणीतरी लांबवर चेंडूला लाथ घातली. समोरच्या टोकाला त्यांचे लोक ओरडायला लागले, आणि सासरे कठड्यावर मूठ आपटून उभे राहिले.

"खांब! खांबाला लागला! लोखंड वाजलं!" आणि मग, आवाज फुटत असतानाही, अगदी रीतसर, "सदर चेंडू खांबास धडकून परत आला आहे. ठराव नामंजूर!"

त्यानंतर कुठे बाकीचं मैदान ओरडलं. शेवटची शिट्टी वाजली. आम्ही वरच्या गटात राहिलो. टेलिफोनबाई रडत होत्या, खुर्चीकाका मला सासरे समजून कवटाळत होते आणि मीही त्यांना अडवलं नाही.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला सगळं असंच कळतं? आवाजावरून?"

"साधारण. चाळीस वर्षं मशीनजवळ काढली, जावईबापू."

"मग पहिल्या दिवशी... बाजू बदलल्या तेव्हा..."

त्यांची मिशी हलली. "तेव्हाही कळलं होतं. हसू दाबून पोटात कळ आली होती माझ्या. वर तुम्ही पाठीवरून हात फिरवताय!"

"अहो मग बोलला का नाहीत?"

"बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलत होतात," सासरे म्हणाले. "मध्येच कशाला तोडू? खेळ मला ऐकू येतो हो. मी यायचो ते तुमचं ऐकायला."

 इतिवृत्तात अशा ठिकाणी 'चर्चा झाली' असं लिहितात. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो आणि मला फार फार बरं वाटलं.

नव्या हंगामाच्या पासांसाठी आम्ही परवा खिडकीवर गेलो. कानावर तीच पेन्सिल. गृहस्थांनी माझे तिन्ही अर्ज बाहेर काढले, त्यावर लाल शाईत काहीतरी मंजूर झालं होतं, आणि ते मोठ्या मनाने म्हणाले, "तुमचं म्हणणं मान्य झालंय. चूक आमची. द्या जुनी ओळखपत्रं, अदलाबदल करून देतो."

सासऱ्यांनी गळ्यातल्या ओळखपत्रावर हात ठेवला आणि मुठीत धरलं. 

"चूक नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे ते. तसंच राहू द्या."

"मग हे तीन अर्ज?"

"मागे घेतो."

"मागे घ्यायला चौथा अर्ज लागेल."

तिथेच उभं राहून मी तो लिहिला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी एकही अर्ज लिहिलेला नाही. त्यात खिडकीवाल्यांचे आभारही मानले. ते वाचून ते गोंधळले आणि त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला.

"झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"झालं."

"मग चला," ते म्हणाले आणि त्यांनी कोपर पुढे केलं. "जपून, पायरी आहे."